शाईवरची पावडर

नातीला पावडर लावताना तो वास नाकात गेला आणि माझे तळहात घामेजले. चाळीस वर्षांपूर्वी मुलुंडच्या एका शाळेत मी तबल्याच्या परीक्षेला बसले होते. बोटं चिकटू नयेत म्हणून इतकी पावडर फासली होती की तबल्यावरचा शाईचा काळा गोल पांढरा दिसत होता.

मला बघून परीक्षक म्हणाले, "मुलींचं गाणं शेजारच्या वर्गात आहे."

"मी तबल्यालाच आलेय, सर."

कायदा, म्हणजे बोलांचा विस्तार, नीट गेला. शेवटची तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा, मात्र मी घाबरून पळवली. तिचा शेवटचा धा समेवर पडायला हवा होता, तो एक मात्रा आधीच पडला.

"चुकलं. थांब," म्हणत त्यांनी पेन उचललं.

गिरणी बंद पडल्यापासून माझे बाबा भजनात पखवाज वाजवायचे. त्यांनी बजावलं होतं, "चुकलंस तरी हात थांबवू नको गो. तुझो हात थांबलो की अख्खा भजन थांबता."

मी थांबले नाही. ठेका धरला आणि तीच तिहाई पुन्हा वाजवली. या वेळी समेवर धा असा पडला की शाईवरची पावडर उडून परीक्षकांच्या कागदावर बसली.

"थांब म्हटलं ना?"

"ठेका चालू होता, सर."

काठावर पास झाले. त्या उलट उत्तराची कितीतरी वर्षं मला लाजच वाटायची.

आता नात दोन्ही हातांनी पावडरचा डबा बडवतेय. सून आतून ओरडते, "आई, थांबवा ना तिला!"

"मी नाही थांबवणार."