धुतलेली नंबरप्लेट

सांडोरच्या स्टॅनीला सकाळचा चहा उशिरा मिळाला तरी चालतो, पण गाडीच्या नंबरप्लेटवर फडकं फिरवायला उशीर झालेला चालत नाही. काच राहू दे, टप राहू दे, चाकांना चिखल असू दे. आधी पुढची प्लेट, मग मागची. शेजारची उर्सुला त्याला विचारते, की गाडीचं तोंड धुऊन झालं असेल तर आता गाडीला पाव-बटर कधी देणार? स्टॅनी हसत नाही. या एका बाबतीत त्याला विनोद कळत नाही असं धरून चालावं.

खोड जुनी आहे. गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात मालकाची गाडी चालवण्यात त्याची उमर गेली. मालक गाडीत बसण्याआधी सीट बघायचा नाही, मागे जाऊन नंबर बघायचा. नंबरावर धूळ असली की ड्रायव्हर काहीतरी लपवतोय असं लोकांना वाटतं, हे त्याचं म्हणणं. पुढे मालक गेला, कारखान्याच्या जागी इमारत उभी राहिली आणि स्टॅनी आपल्या वाडीतल्या केळींत रमला. पण ते म्हणणं त्याच्या अंगात मुरलं ते मुरलंच.

त्यात ती सरकारी नवी प्लेट आली, उजेड पडला की चमकणारी, कोपऱ्यात होलोग्राम असलेली, आणि याची काळजी दुप्पट झाली. तिला घासणी लावायची नाही, भांड्यांची पावडर तर नाहीच, चमक उडते. जुन्या बनियनचं मऊ फडकं घ्यायचं, साबणाच्या पाण्यात पिळायचं, पुसून कोरडं करायचं. समुद्राची खारी हवा खिळे खाते म्हणून खिळ्यांपुरतं बोटभर खोबरेल, आणि तेही लगेच टिपून घ्यायचं, नाहीतर त्यावर धूळ बसते. त्याची बायको क्लारा म्हणते, एवढी निगा माझ्या गुडघ्यांची राखली असती तर मी चर्चमध्ये मिस्साला धावत गेले असते.

कारखान्यात हिशेब बघणाऱ्या प्रल्हादने चंदनसारला फ्लॅट घेतला आणि पौर्णिमेच्या संध्याकाळी सत्यनारायण ठेवला. आपला दोस्त पूजेचे केळीचे खांब बाजारातून विकत आणणार, हे स्टॅनीला सहन होणं शक्य नव्हतं. त्याने वाडीतल्या चांगल्या केळी निवडून तोडल्या आणि मुलाला, जॅक्सनला, ऑफिसातून आल्या आल्या गाडी घेऊन पिटाळलं. खांब डिकीत पूर्ण मावेनात. वाऱ्याने पानं फाटू नयेत म्हणून जॅक्सनने पानं आत सारली, कापलेले बुंधे बाहेर ठेवले आणि उघडी डिकी दोरीने बांधली. पानांची काळजी घेतली पोराने. चिकाची कुणी घ्यायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टॅनी फडकं घेऊन मागे गेला तर प्लेटवर तांबूस तपकिरी ओघळ, बंपरवर तसेच. केळीचा चीक, दुसरं काय. सांडोरला वाडीत काम करणारा प्रत्येकजण चिकाचे कपडे वेगळे ठेवतो, कारण चीक कपड्यावर पडला की त्या कपड्याचा नाद सोडायचा. जॅक्सन केव्हाच कामावर गेला होता, त्यामुळे शिव्या ऐकायला केळीच होत्या. त्यांना शिव्या घालत स्टॅनीने आधी खोबरेलाने, मग साबणाने सगळं लख्ख केलं आणि बरबटलेलं फडकं क्लाराच्या धुण्यात टाकलं.

चहा घेताना फोन वाजला. पोलीस चौकीतून यमुना नावाच्या हवालदार बाई बोलत होत्या. काल संध्याकाळी चंदनसारला एका गल्लीत पांढऱ्या गाडीने रिव्हर्स घेताना एका म्हाताऱ्या गृहस्थांना पाडलं आणि गाडीवाला पळाला. बघणाऱ्याला अर्धाच नंबर आठवत होता, म्हणून त्या आकड्यांच्या सगळ्या पांढऱ्या गाड्यांना फोन चालले होते. तुमची गाडी काल कुठे होती, असं त्यांनी विचारलं. स्टॅनीने खरं ते सांगितलं, मुलगा गाडी चंदनसारला घेऊन गेला होता.

"मग गाडी घेऊन या," बाई म्हणाल्या. "आणि काका, तोपर्यंत गाडी धुऊ नका."

स्टॅनीने कप खाली ठेवला.

मन एकदा वाईटाकडे वळलं की त्याला पुरावे आपोआप सापडतात. प्रल्हादच्या इमारतीची गल्ली अरुंद, खांब उतरवायला गाडी मागे घ्यावीच लागली असणार. डिकी उघडी, मागचं काही दिसलं नसणार. रात्री पोरगा जेवला नाही, नीट बोललाही नाही, सरळ जाऊन झोपला. आणि आपण पुसलं ते काय होतं? चीक होता की दुसरं काही? डोळे उघडे ठेवून बघितलं होतं का? नव्हतं बघितलं. केळी नेल्या म्हणजे चीकच असणार, असं समजून मोकळे झालो. त्याने जॅक्सनला पुन्हा पुन्हा फोन लावला. जॅक्सन उचलेना.

खोटं कशाला सांगा, त्याच्या मनात ते येऊन गेलं. प्लेट पुसताना कुणी पाहिलं नव्हतं. रोजच पुसतो, हे अख्ख्या सांडोरला माहीत होतं. गप्प राहिलं तर कोण विचारणार होतं? पोराची नोकरी नवीन, वय ते काय. पण तो म्हातारा कुणाच्यातरी घरचा होता, आणि कुणीतरी आत्ता त्याच्या उशाशी बसलं असेल, हे त्याला डोळ्यांपुढून हलवता येईना. शेवटी त्याने स्वच्छ शर्ट घातला. गाडी धुतली हे सांगायचं, आणि धुण्यात टाकलेलं फडकंही त्यांच्या हातात द्यायचं, असं ठरवून तो मागच्या दारी गेला.

क्लारा धुण्याच्या दगडाशी कुरकुरत होती. ते मेलं फडकं तिने साबणात भिजवलं होतं, आपटलं होतं, ब्रशने घासलं होतं, आणि डाग जायचे सोडून आणखी काळे झाले होते. टाकून द्या आता, म्हणाली.

स्टॅनीने ते तिच्या हातातून जवळजवळ ओढून घेतलं. उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. रक्त असतं तर साबणाने फिकं पडलं असतं, बरंचसं निघून गेलं असतं. चीक मात्र जितका धुवाल तितका काळा पडतो. फडकं काळं झालं होतं. जन्मभर ज्या डागाला त्याने शिव्या घातल्या, तो डाग बघून तो दगडावर बसला आणि ओलं फडकं तोंडाला लावून रडला. क्लारा घाबरली. त्याने सगळं सांगितलं तेव्हा तीही त्याच्या शेजारी बसली आणि धुणं तसंच राहिलं.

तरी चौकीत जायचंच होतं. वाटेत त्याने काय काय बोलायचं ते घोकलं, पण त्यातलं काही बोलावं लागलं नाही. यमुनाबाईंनी त्याला आधी खुर्ची दिली. पाडणारा गाडीवाला थोड्या वेळापूर्वी बायकोला घेऊन आपणहून हजर झाला होता. म्हाताऱ्या गृहस्थांचा हात प्लास्टरमध्ये होता, बाकी ठीक होते, आणि इस्पितळातला चहा पांचट आहे म्हणून भांडत होते. काका, तुम्हाला उगाच त्रास, असं म्हणून बाईंनी त्याला मोकळं केलं. बाहेर येऊन स्टॅनीने इतका मोठा श्वास सोडला की पायरीवरचा शिपाई वळून बघायला लागला.

गाडीत बसला तोच जॅक्सनचा फोन आला. मीटिंग चालली होती, एवढे फोन कशाला, आईला काही झालं का? स्टॅनीला गोष्ट बनवून सांगता आली असती. त्याने नाही सांगितली. चंदनसारचा अपघात सांगितला, पुसलेली प्लेट सांगितली, रात्रीचं त्याचं न जेवणं-बोलणं सांगितलं, आणि मग म्हणाला, "मला वाटलं तूच त्यांना उडवलंस."



"आणि मी जेवलो नाही, बोललो नाही, म्हणून वाटलं?" जॅक्सनने विचारलं. प्रल्हादकाकांनी शिरा इतका वाढला होता की पोट फुटायचं बाकी होतं, आणि डोळे मिटत होते, एवढंच होतं ते. मग तो हळू आवाजात म्हणाला, "पप्पा, माझ्या हातून असं काही झालं असतं ना, तर तुम्हाला न उठवता मी झोपूच शकलो नसतो."