दादाच्या गेमला लावलेली कुलपं

आमच्या ऑफिसात दोन गोष्टी कुणी न मागता साठायच्या, धूळ आणि किस्से. धूळ झाडायला बाई होती. किस्से झाडायला कुणी नव्हतं, त्यामुळे ते सगळे माझ्याकडे राहिले आणि आता कुणी चहाला आलं की मी त्याच्या पुढ्यात ओतते. तुम्ही आलाच आहात, तर बसा.

माझा मावसभाऊ श्रीधर. त्याला सगळेच दादा म्हणतात. झाँशीत आमची मराठी घरं मोजकी, आणि त्या घरांतला मुलगा म्हणजे बँक, रेल्वे नाहीतर मास्तरकी, हे ठरलेलं. दादानं बँकेतली नोकरी सोडली आणि जाहीर केलं की मी कॉम्प्युटर गेम बनवणार. तेव्हा लोक कॉम्प्युटरवर फुलाफुलांचं कव्हर घालून त्याला उदबत्ती ओवाळायचे. त्यावर खेळायचं असतं हे ऐकून मावशीनं दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं.

सदर बाजारात एका टेलरच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली. तिथे दादा, प्रोग्राम लिहिणारा तिवारी आणि मी. मी चित्रं काढायची, फोन घ्यायची आणि दोघांची भांडणं सोडवायची. वहिनीनं एकच अट घातली होती. दिवाळीपर्यंत गेम चालला तर ठीक, नाहीतर बिजौलीला तिच्या भावाचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना आहे, तिथे हिशेबाच्या टेबलावर गुपचूप जाऊन बसायचं. टेबल तयार होतं. मेव्हण्यानं खुर्चीला नवी गादीसुद्धा शिवून घेतली होती.

* * *

गेम होता ट्रकचा. कानपूर रोडनं माल भरलेला ट्रक झाँशीला आणायचा. वाटेत खड्डे, म्हशी, वरात, आणि शेवटी रेल्वेचं फाटक. फाटक ओलांडलं की ट्रकवाल्याचं घर. ते घर मी काढलं होतं, महिनाभर बसून. दारात तुळस, ओसरीवर बायको, तिच्या हातात पाण्याचा तांब्या. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं चित्र असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

पण झाँशीत राहून ट्रकवर गेम म्हणजे काय? जो येईल तो विचारायचा, "इसमें रानी कहाँ हैं?" आमच्या गावात मिठाईच्या डब्यावर राणी, शाळेच्या वहीवर राणी, बनियनच्या पाकिटावरसुद्धा राणी. दादा शांतपणे सांगायचा की राणीसाहेबांना ट्रकचं लायसन नव्हतं. यावर दोन ओळखीच्या लोकांनी आमच्याशी बोलणं सोडलं, त्यातला एक दादाचा सख्खा काका.

* * *

गेम बाजारात जाणार म्हटल्यावर दादाला चोरांची स्वप्नं पडायला लागली. खाली फुटपाथवर बबलू बसायचा. पत्र्याच्या टेबलावर फ्लॉप्या, नंतर सीड्या, जगातला कुठलाही गेम मागा, दुसऱ्या दिवशी त्याची कॉपी हजर. माणूस गोड. मला रोज नमस्ते करायचा. दादाला तो साक्षात यमदूत वाटायचा.

पहिलं कुलूप असं. डब्यात गेमबरोबर आकड्यांचा एक कागद. गेम सुरू करताना विचारणार, अमुक ओळीतला अमुक आकडा सांगा. आकडा चुकला की गेम बंद. बबलूनं कागदाची झेरॉक्स काढू नये म्हणून दादानं तो कागद गडद मरून रंगाचा घेतला आणि त्यावर काळी छपाई केली. झेरॉक्स खरंच निघत नव्हती. पण डोळ्यांनाही काही दिसत नव्हतं!

गिऱ्हाइकं कागद घेऊन अंगणात उन्हात जायची, तो तिरपा धरायची आणि आत बसलेल्या पोराला ओरडून आकडे सांगायची. आठवड्याभरात बबलूनं कुणाकडून तरी सगळे आकडे पांढऱ्या कागदावर सुंदर अक्षरात उतरवून घेतले आणि तो कागद विकायला ठेवला. ज्यांनी आमचा डबा विकत घेतला होता त्यांची तिथे रांग लागली. रांगेत पहिला होता आमचा तिवारी. ऑफिसात लागतो म्हणाला.

* * *

दुसरं कुलूप काडेपेटीएवढं होतं. कॉम्प्युटरच्या मागे जिथे प्रिंटरची वायर लागते तिथे ते खुपसायचं, तरच गेम चालणार. म्हणजे खेळायचं तर प्रिंटर काढा, काम करायचं तर कुलूप काढा.

एका सरकारी ऑफिसातला बाबू आमचा भक्त होता. नियमानं दुकानातून डबा घेऊन आला, नियमानं कुलूप लावलं आणि दुपारी जेवणानंतर खेळत बसला. साहेब आले. प्रिंटरची वायर लोंबकळताना दिसली आणि पकडला गेला. त्याच खोलीतले बाकीचे तिघे बबलूच्या बिनकुलपाच्या कॉपीवर खेळत होते. त्यांचे प्रिंटर जागच्या जागी, चेहरे गंभीर. साहेबांच्या केबिनमध्येही तीच कॉपी होती हे नंतर कळलं.

बाबू डबा परत द्यायला आला. मला राग येईल असं काहीच बोलला नाही, नुसतं म्हणाला, "दीदी, ईमानदारी का मेमो मिला है. ज़िंदगी में पहली बार."

* * *

मग तिसरं. गेम चढवला की स्क्रीनवर एक लांबलचक नंबर येणार. तो फोनवर मला सांगायचा, मी त्याच्या बदल्यात दुसरा नंबर देणार, तो घातला की गेम उघडणार. कागदावर योजना फार देखणी होती. फक्त झाँशीत फोन लागायला हवा होता.

चिरगाँवचे पटेरियाजी, खताचं दुकान, वय साठीकडे, गेमचे भयंकर शौकीन. फोन लागेना म्हणून बसनं आले. नंबर तळहातावर लिहून आणला होता. मी बदल्यातला नंबर दिला, तोही तळहातावर. वाटेत घाम. घरी पोचेपर्यंत आकड्यांची शाई मनगटापर्यंत वाहून गेलेली. पुन्हा आले. या वेळी कागदावर नेला, पण दरम्यान पुतण्यानं कॉम्प्युटरमधलं काहीतरी बदललं होतं आणि स्क्रीनवर भलताच नंबर आला. तिसऱ्या वेळी पटेरियाजी अख्खा कॉम्प्युटर चादरीत बांधून, मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं त्याचंही तिकीट फाडलं होतं.

तिवारीनं तासभर खपून गेम चालू करून दिला. आम्ही त्यांना खाली रिक्षापर्यंत पोचवायला गेलो, तर पटेरियाजी बबलूच्या टेबलाशी थांबले आणि आमच्याच गेमची कॉपी घेतली. आमच्यादेखत! माझा पारा चढला. चाचाजी, आता तर चालू झालाय ना, मग हे कशाला, असं मी जरा आवाज चढवूनच विचारलं.

"बिटिया," गळ्यात हार घातल्याची खूण करत ते मला समजावत म्हणाले, "असली गहना कोऊ रोज पैरत है का?"

दादा त्या दिवशी जेवला नाही.

* * *

दसरा आला. डबे खोलीत छतापर्यंत रचलेले, आणि शहरात जो तो आमचा गेम खेळतोय, बबलूच्या कृपेनं. तिवारी एकदाचा चिडला. म्हणाला, "दादा, ताला चोर को नहीं लग रहा, ग्राहक को लग रहा है." मी मनात टाळ्या वाजवल्या. दादानं मान हलवली आणि म्हणाला की मग न दिसणारं कुलूप लावू.

न दिसणारं कुलूप म्हणजे चोराला काहीही अडवायचं नाही. खुशाल कॉपी कर. गेम चालेल, ट्रक धावेल, म्हशी येतील, वरात येईल. पण खऱ्या सीडीवर एक खूण असणार, जी कॉपी करताना उतरत नाही. ती खूण दिसली नाही की शेवटचं रेल्वे फाटक उघडणारच नाही. ट्रक उभा. घर समोर, पण जाता येत नाही. दादाचं म्हणणं, एवढ्या लांब आलेला माणूस तडफडेल, आणि झक मारत आपल्याकडे डबा घ्यायला येईल. हे सांगताना तो हसत होता. इतकी वर्षं ओळखते मी त्याला, तसं दुष्ट हसू मी कधी पाहिलं नव्हतं.

खऱ्या गेममध्ये फाटक तीन शिट्ट्या झाल्या की उघडायचं. गाडी जायची, ट्रक निघायचा, आणि माझं घर.

* * *

नवी सीडी आली, दोन दिवसांत बबलूकडे तिची कॉपी आली, आणि आम्ही वाट पाहत बसलो. कुणी तडफडत आलं नाही. आठवडा गेला. दादाला राहवेना. तो मला घेऊन शेजारच्या गल्लीतल्या सायबर कॅफेत गेला. आत चार जण आमचाच गेम खेळत होते. चारी ट्रक फाटकाशी उभे.

दादा मोठ्या आशेनं एकाच्या मागे जाऊन उभा राहिला. तो पोरगा निवांत शेंगदाणे खात होता. दुसरा कोपऱ्यातल्या मित्राशी परीक्षेबद्दल बोलत होता. तिसरा तर खुर्चीवरून उठून बाहेर चहा प्यायला गेला आणि जाताना शेजारच्याला सांगून गेला की उघडलं तर हाक मार. कुणाच्या चेहऱ्यावर वैताग नाही, शंका नाही. अहो, झाँशीची माणसं ती. रेल्वे फाटकाशी उभं राहणं हा आमचा जन्मजात धंदा. इकडून मालगाडी, तिकडून एक्सप्रेस, मध्ये इंजिनाचं शंटिंग. फाटक बंद आहे यात कुणाला शिक्षा कशी दिसावी?

दादानं शेवटी विचारलंच, किती वेळ झाला थांबून.

"होगा आधा घंटा," पोरगा शेंगदाणे सोलत म्हणाला. "जिसने भी बनाया है, भाई साहब, एकदम असली चीज़ बनाई है. लाइट चली जाती है, ये नहीं खुलता."

दादा बाहेर आला आणि पायरीवर बसला. मला हसू फुटत होतं, आणि त्याच्याकडे पाहून रडूही येत होतं. सगळं शहर त्याच्या गेमचं कौतुक करत होतं, आणि वसुबारस चार दिवसांवर आली होती. त्याच संध्याकाळी मेव्हण्याचा फोन आला. भावजी, पाडव्यापासून याच, गादीवर धूळ बसतेय. मागून ट्रकचा हॉर्न ऐकू येत होता. मी ओळखला तो. आमच्याच गेमचा.

* * *

धनत्रयोदशीला कानपूरचे गुप्ताजी आले. मोठे व्यापारी, त्यांनी गेम घेतला तर तो सगळ्या प्रांतात जाणार होता. वहिनीनं घरून फराळाचा डबा पाठवला होता, त्यातल्या चकल्या तिनं स्वतः तळल्या होत्या. दादानं इस्त्रीचा शर्ट घातलेला. गेम तिवारीनं चालवला. खड्डे, म्हशी, वरात. गुप्ताजी खूश. फाटक आलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, हातातली चकली बशीत ठेवली.

तीन शिट्ट्या. गाडी गेली. फाटक उघडलं. ट्रक निघाला आणि माझं घर आलं, तुळस, ओसरी, तांब्या. मी गुप्ताजींकडे पाहत होते.

त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "ये तो नकली है. हमारे घर बच्चे असली वाला खेलते हैं. उसमें फाटक खुलता ही नहीं है."

दादानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा बबलूची सगळी कुंडली मांडणार, खुणेचं सांगणार, कायद्यावर येणार. गुप्ताजी बोलतच होते. तो गेम पाहिजे, सगळ्या पोरांना तोच माहीत आहे. आणि कुलूपबिलूप काही नको, गिऱ्हाईक डोकं खातं. दादानं माझ्याकडे पाहिलं, मग घराच्या चित्राकडे पाहिलं. त्या चित्रासाठी त्यानं माझ्या डोक्यावर बसून तांब्याचा रंग चार वेळा बदलून घेतला होता.

मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तिवारी, खूण तपासायचं काढून टाक. फाटक बंद राहू दे."

तर अशा रीतीनं कुलूप गेलं आणि शिक्षा राहिली. माझं घर गेमात राहिलं खरं, फाटकापलीकडे, पण ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण पाडव्याला बिजौलीची ती गादीची खुर्ची रिकामीच राहिली, आणि वहिनीनं ओवाळून झाल्यावर दादाच्या पानात दोन करंज्या जास्त वाढल्या.

* * *

महिन्याभरात डबे सगळीकडे दिसायला लागले. स्वस्त, बिनकुलपाचे, कुणाच्याही कॉम्प्युटरवर चालणारे. सदर बाजारातल्या प्रत्येक दुकानात.

एक दिवस जिन्यात पावलं वाजली. बबलू. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच वर आला होता. नेहमीचं नमस्ते नाही, हसू नाही. एका हातात त्याची सीडी, दुसऱ्या हातात आमचा डबा. दोन्ही दादाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. मी चहा मागवला, तर नको म्हणाला. त्याला खरंच लागलं होतं.

"भाई साहब, आपको हमेशा बड़ा भाई माना," तो म्हणाला. "आपने हमारा ही माल उठाकर डिब्बे में भर दिया. हूबहू. अब हमसे कौन लेगा?"

तिवारी तोंडावर रुमाल धरून गॅलरीत गेला. बबलू खुर्ची ओढून बसला, पुढे वाकला आणि आमच्या डब्यावर बोट ठेवून, आवाज खाली आणून त्यानं दादाला विचारलं, "इसमें कोई ताला नहीं लग सकता क्या?"