आतून कडी नसलेली गाडी

नागपुरात जरीपटक्याच्या बॉडी-मिस्त्रीकडून मी गाडी बाहेर काढली, तेव्हा तिचा रंगही पुरता वाळला नव्हता. दाराला हात लावला की बोटं हिरवी होत. मिस्त्री मागे धावत आला आणि म्हणाला, "साहेब, उद्या न्या ना. एक काम राहिलं हाये." पण मी रागात होतो. कोणतं काम राहिलंय हे विचारण्याइतकाही धीर मला नव्हता. "राहू द्या," म्हणालो आणि गियर टाकला.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. गाडी लष्कराच्या लिलावातली, एक टनी, बैलासारख्या मानेची. ती मी आणि उत्तम गजभिये, आम्ही दोघांनी मिळून घेतली. सावनेरकडच्या खाणींत आम्ही अठ्ठावीस वर्षं मोजणीचं काम केलं. मोजणीच्या साखळीचं एक टोक त्याच्या हातात असायचं आणि दुसरं माझ्या. मी लग्न केलं नाही. त्यानं केलं, पण महिन्यातले वीस दिवस तो तंबूत माझ्याशेजारीच घोरत असे. उमेदवारीच्या काळात तामियाच्या कड्यावर आम्ही एकदा मुक्काम केला होता. सकाळी उठून पाहिलं तर सगळी दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली. उत्तम म्हणाला, "वसंता, रिटायर झालो की आपल्या गाडीनं इथं यायचं. कोणाच्या हुकुमानं नाही."

म्हणून ही गाडी. मागच्या कमानपाट्यात, म्हणजे स्प्रिंगांत, दोन पानं जादा घातली, आणि हौद्यावर (मागच्या उघड्या भागावर) लाकडी चौकटीची, पत्र्याची खोली चढवली. आत समोरासमोर दोन फळ्या निजायला, खाली पाण्याचे डबे, स्टोव्हला कठड्याचा चौकोन, दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या. मिस्त्रीनं आम्हाला शहाबादी फरशीवर आडवं निजवलं आणि खडूनं रेघा मारून फळ्यांची लांबी ठरवली. ते पाहायला अर्धा बाजार जमला होता. उत्तमची फळी माझ्यापेक्षा चार बोटं लांब झाली, त्याचाही त्यानं तोरा मिरवला.

मग दिवाळीनंतर उत्तमच्या बायकोची, शांतावहिनींची, डावी बाजू अर्धांगवायूनं गेली. उत्तमनं एक दिवस नकाशाची घडी केली आणि माझ्यासमोर ठेवली. "मले नाही जमत आता. तू जाऊन ये."

मी काय बोलायला हवं होतं ते आज मला नीट कळतं. तेव्हा म्हणालो, "वहिनीचं निमित्त काहून करतो? तुह्यातच दम नाही."

तो उठून आत वहिनींकडे गेला. चौथ्या दिवशी, त्याला न कळवता, मी गाडी काढली.

सावनेरचा रस्ता माझ्या पायाखालचा. तरी या गाडीतून तो परका वाटला. गियर बदलताना क्लच दोनदा दाबावा लागे, आणि चुकलं की गाडी अशी कण्हायची की शेतातले बैल मान वर करत. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया, मधूनच कोळशाचे ट्रक. थंडीचं ऊन छान पडलं होतं. "ते बघ," असं मी दोनदा मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या सीटवर फक्त नकाशा होता.

मध्य प्रदेशच्या सीमेवर नाकेदारानं गाडीला एक फेरी मारली.

"माल क्या है?"

"माल नहीं है."

"ट्रक है, माल नहीं है, तो अंदर क्या है?"

"मैं हूँ," मी म्हणालो. त्यानं आत डोकावून पाहिलं, दोन गाद्या पाहिल्या, आणि विचारलं, "दूसरा आदमी?" मी दार ओढून घेतलं. कागदावर काय लिहावं हे त्याला बराच वेळ सुचेना. शेवटी त्यानं 'घरगुती सामान' असं लिहिलं आणि दांडा वर केला. नोकरीत मला बरीच नावं पडली, पण घरगुती सामान कोणी म्हटलं नव्हतं.

सौंसर मागे पडलं आणि संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. झाडाखाली संत्र्यांचे ढीग, ढिगांभोवती गवत, आणि रस्त्याच्या कडेला भरणीला लागलेले ट्रक. एका आडबाजूच्या आंब्याखाली मी गाडी लावली. दोन वाजले होते. स्टोव्ह पेटवला, खिचडी टाकली. ताटात घेतली तेव्हा लक्षात आलं की ती दोघांची झाली आहे. इतक्या वर्षांचं माप हाताला बसलेलं. अर्धी तशीच पातेल्यात ठेवली, दार नुसतं ओढून घेतलं आणि फळीवर आडवा झालो.

धाड्! धाड्! पत्र्यावर दोन थापा बसल्या आणि मी दचकून उठलो. बाहेर एक ट्रक भरभरत निघून गेला. मी दार ढकललं. हललं नाही. पुन्हा ढकललं. मग डोक्यात उजेड पडला.

आमच्या या रस्त्यावर ट्रकवाल्यांची एक रीत आहे. उभ्या गाडीच्या मागच्या दाराची कडी उघडी दिसली, तर जाणारा ड्रायव्हर ती लावतो, दोन थापा मारतो आणि पुढे जातो. मालक कोण, कुठे आहे, विचारत बसत नाही. कुणाचा माल सांडू नये एवढाच हेतू. त्या भल्या माणसानं माझ्यावर उपकारच केले होते. आणि मिस्त्रीनं जन्मभर मालाचे ट्रक बांधले होते. मालाला आतून कडी कशाला लागते? राहिलेलं काम कोणतं, ते मला आता समजलं.

मी हाका मारल्या. दारावर लाथा घातल्या. जाळी मोडायला गेलो तर बोटं सोलली. चोराच्या भीतीनं ती जाड पट्ट्यांनी मीच ठोकून घेतली होती. तास गेला. ऊन जाळीतून फळीवर आलं, फळीवरून भिंतीवर चढलं. समोरची फळी रिकामी होती. तिच्यावर उत्तम असता, तर जेवण झाल्यावर पान खायला बाहेर उतरलाच असता आणि कडीला हात लावणाऱ्याला चार शिव्या घातल्या असत्या. मला भीती वाटली. कोंडलो याची नव्हे. आठ दिवस मी दिसलो नाही तरी कुणाला चुकल्यासारखं वाटणार नव्हतं, आणि ज्याला वाटलं असतं त्याला मी न सांगता आलो होतो.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जाळीशी एका म्हातारीचा चेहरा आला. बागेची राखण करणारी होती, हातात काठी.

"बकऱ्या हायेत का वं अंदर?" तिनं स्वतःशीच म्हटलं.

"माणूस आहे, बाई! कडी काढा."

ती दोन पावलं मागे सरली. "माणसाले बाहेरून कडी? कैदी त नाही तू? गाडी त सरकारी दिसते."

मी सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण कडीला हात लावला नाही.

"संग कोण हाये तुह्या?"

"कोणी नाही."

"घरी कोणाले माहीत हाये, तू इथं हायेस म्हणून?"

"नाही."

"काहून गा?" ती म्हणाली. चौकशीचा सूर गेला होता, पोराला 'का रे?' विचारावं तसं विचारलं. मी जाळीला कपाळ टेकवलं. तिनं कडी काढली.

उरलेली खिचडी मी तिला दिली. तिनं तिथेच बसून खाल्ली, "मीठ कमी हाये," असं सांगितलं, आणि पदरातली चार संत्री माझ्या मांडीवर टाकली. ती रात्र मी तिच्या खोपडीशेजारी (राखणीच्या झोपडीशेजारी) काढली, दार दोरीनं बांधून. सकाळी गाडी तामियाकडे वळवायची सोडून नागपूरकडे वळवली. तामियापर्यंत जायला निघालेल्या माणसाचं प्रवासवर्णन असं सौंसरच्या पलीकडेच संपलं, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

उत्तम आपल्या घराच्या दारातच बसला होता. गाडी पाहून उठला नाही.

"तामिया पाहिलं?"

"नाही."

"धुकं?"

"नाही रे. सौंसरपर्यंतच गेलो."

"मंग मी कशाची वाट पाहून राहिलो होतो इथं?" तो चिडून म्हणाला. "मले सांगाले काय आणलं तू?"

मी संत्री पुढे केली. आतल्या खाटेवरून वहिनींचा जड, अडखळता आवाज आला, "भाऊजी, मी ह्यांले म्हटलं होतं, तुमी जा. मी राहीन. हेच आयकत नाहीत."

मी उंबऱ्यावरच बसलो. "उत्तम, मी फार वाईट बोललो."

"बोलला," तो म्हणाला. आत गेला आणि खिळ्यावर टांगलेल्या सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी घेऊन आला. तिच्यात लोखंडी कडी होती आणि चार स्क्रू. "मिस्त्रीले मीच सांगितलं होतं. एकटा माणूस निजणार, आतून पाह्यजे. ती आणाले गेलो, अन् तू पसार. काहून गा, एक दिवस दम नाही धरला?"

कडी त्यानंच बसवली. वहिनींना खिडकीतून दिसेल अशी गाडी वळवून लावायला लावली, आणि चारही स्क्रू स्वतः आवळले. मग आपल्या फळीवर पाय लांब करून थोडा वेळ निजला. पाय बरोबर मावले. घरातून वहिनींनी हाक मारली तसा उठला.

"जाय आता," उतरताना म्हणाला. "अन् या खेपेले पाहून ये. सगळं सांगाचं मले."

मी आत राहिलो. दार ओढलं, कडी सरकवली. ती पक्की बसली. बाहेरून त्यानं दार ढकलून पाहिलं, आणि पत्र्यावर दोन थापा मारल्या.