प्लास्टिकमधली जॅकेटं

वडिलांनी मला अक्षरओळख करून दिली ती मच्छीमारांच्या मोर्च्याच्या पत्रकांवरून. म्हणून 'होडीवर जितकी माणसं तितकी जीवरक्षक जॅकेटं' हे पत्रक मी लिहिलं आणि देवगड बंदरावर स्वतः वाटलं, तेव्हा आपण माणसं वाचवतोय असंच मला वाटलं होतं. पुष्कळ भांडल्यावर होड्यांची तपासणी कडक झाली.

माझा मामा तांडेल, होडी चालवणारा म्होरक्या. त्याने सहा जॅकेटं आणली आणि प्लास्टिकच्या पिशव्यांसकट केबिनच्या छताला सुतळीने करकचून बांधली. आमच्याकडे सगळेच तसं करतात. माशांच्या पाण्याने मळली, तर पुढच्या तपासणीला कुणी पास करत नाही.

"मामा, सोडून ठेव ना ती," मी म्हटलं.

"तुझ्या सायबाक ती नवी दिसाक व्हयी. ह्यो नियम तूच आणलंस ना गो? आता खूश ऱ्हव!"

मीही हसले.

त्याच हंगामात त्याने डेकवर बर्फाची मोठी पेटी बसवली. होडी वरून जड झाली, कलली की उशिरा सावरायची. तपासणीच्या यादीत जॅकेटं होती, बुडणाऱ्याकडे फेकायची रिंग होती, आग विझवायचा सिलिंडर होता. पेटीबद्दल काहीच नव्हतं. होडी पास झाली.

एका सकाळी परतताना खाडीच्या तोंडाशी, उथळ वाळूवर फुटणाऱ्या लाटेने ती आडवी केली. पाच जण पोहत आले. मामा केबिनमध्ये सुकाणूवर होता, तो आला नाही. होडी ओढून काढली तेव्हा जॅकेटं छतालाच होती, पिशव्यांत, कोरडी.

नंतर जहाजांच्या बांधणीवर मिळेल ते वाचत सुटले. मोठ्या जहाजांचे नियम करताना आता आधी धोका तपासतात: इथे काय घडू शकतं, किती वेळा, त्यात किती जीव जातील, कोणत्या उपायाने त्यातलं किती टळेल. आमच्या होड्या खाडीच्या तोंडाशी उलटतात, हे गावातल्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. मी विचारलं नाही. मी वस्तू मागितल्या, कारण वस्तूंच्या घोषणा देता येतात.

तरीही मी नवं पत्रक लिहिलं: जॅकेट घालणं सक्तीचं करा. ते मामीला वाचून दाखवलं. आतून एक जॅकेट आणून तिने माझ्या अंगात घातलं, पट्टे आवळले आणि अंगणातल्या जाळ्याचं टोक माझ्या हातात दिलं.

"वढ."

मी वाकले. छातीवरचा फुगीर भाग हातांच्या आड आला, बक्कल जाळ्यात अडकलं.

"वढ गो."

मला ओढता येईना.

"घालूक नाय म्हणान मेलो, असा लिवू नको," ती म्हणाली.

मी रडत बक्कल हिसडू लागले. तिने माझा हात धरला. "थांब, जाळा फाटात." मग ती माझ्यासमोर बसली आणि एकेक धागा सोडवू लागली.