फ्लॉपीवरचं कुंकू

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा सुरतेतल्या आमच्या अध्यापन मंदिरात, म्हणजे प्राथमिक शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात, एक कॉम्प्युटर आला. आला होता आम्हाला शिकवायला, पण पहिली सूचना लागली ती ‘हात लावू नये’ अशी. चपला बाहेर, खिडक्या बंद. त्या खोलीत पाऊल टाकलं की काहीतरी बिघडणार आणि ते माझ्याच हातून बिघडणार, असं पहिल्या दिवसापासून वाटत होतं.

हात लावायची परवानगी एकीलाच होती, माझ्या मैत्रिणीला. ती डिंडोलीची, मी बमरोलीची, दोन्ही सुरतेतल्या खानदेशी कामगारांच्या वस्त्या. दोघींचे वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. तिची बोटं भराभर चालायची. सगळ्या मुलींचे सराव पाठांचे गुण तिने एका फ्लॉपीत भरले होते आणि खोलीची चावीही तिच्याकडेच असे. घरून मात्र तिला बजावलं होतं, कॉलेजातून एक जरी तक्रार आली तर शिक्षण बंद आणि लग्न. स्थळ बघूनच ठेवलं होतं. हे मला पक्कं ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर बाकीच्यांना कॉम्प्युटरवर बसायला मिळणार होतं आणि पहिलं नाव माझं होतं. माझी झोप उडाली. आमच्याकडे खंडेनवमीला वडील लूमची पूजा करायचे. कुंकू सांगाड्याला नाही, धोट्याला; जो भाग पळतो त्याला. “कुंकू लावाशिवाय यंत्रले हात नको लावजो,” हे त्यांचं दरवर्षीचं बोलणं. तेव्हा खंडेनवमीच्या दुपारी ‘वही राहिली’ असं सांगून मी मैत्रिणीकडून चावी घेतली.

या यंत्रात पळतं काय? फ्लॉपी आत जाते, घरघरते, बाहेर येते. हाच धोटा, असं मी ठरवलं. तिची पत्र्याची झापडी सरकवली आणि आतल्या काळ्या चकतीला ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. वर हात जोडले. शिकलेलं गाढव म्हणतात ते मीच.

दसरा झाल्यावर कॉम्प्युटरच्या सरांनी ती फ्लॉपी घातली. आत काहीतरी खरवडलं आणि यंत्र थांबलं. गुण गेले. सरांनी फ्लॉपी बाहेर काढली तर त्यांची बोटं लाल.

“आ कोणे कर्युं?” हे कोणी केलं, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे प्राचार्यांनी, विचारलं. मग त्यांनी चावीचं विचारलं, आणि सगळ्यांच्या माना मैत्रिणीकडे वळल्या.

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटाकडे. नखाच्या कडेला अजून तांबूस होतं. मी हात ओढणीखाली घेतला. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मलाही तसंच वाटत होतं.

“चावी माझ्याकडे होती,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते मोठ्या बाईंपुढे हात जोडून उभे राहिले, आणि तिला पुढे घालून घेऊन गेले. दिवाळी सरताच तिचं लग्न लागलं. मला आमंत्रण होतं. मी गेले नाही.

यंत्र दुरुस्त होऊन आलं. सरांनी चावी माझ्यापुढे धरली. “तिच्या शेजारी तूच बसायचीस, आता तू सांभाळ.”

मी चपला बाहेर काढल्या आणि चावी घेतली.