आतड्याला बसलेला पीळ

भाऊजींच्या मारानं अक्काच्या कानातून रक्त आलं, त्या दिवशी मी त्यांना लाथांनी तुडवलं. अठ्ठावन्न-एकोणसाठचं साल असेल. मी बेंगळूरच्या एका कारखान्यात लेथवर होतो, पायात कामाचे जाड बूट होते. कॉटनपेटेतल्या त्यांच्या अंगणात भाऊजी खाली पडले, तरी मी थांबलो नाही. अक्का मला मागून ओढत होती. शेवटची लाथ बेंबीखाली बसली आणि ते ओकले.

सरकारी दवाखान्यात त्यांचं पोट उघडावं लागलं. आतडं फाटलं होतं. सायकलवरून पडलो, हँडल पोटात घुसलं, असं त्यांनी पोलिसांना सांगितलं. मला वाचवायला नव्हे. मेव्हण्याचा मार खाल्ला हे पेठेत कळायला नको होतं.

टाके निघाले, भाऊजी कामाला लागले. मारणं सुटलं नाही. फक्त आता ते दंडावर, पाठीवर मारायचे, मला दिसू नये म्हणून.

पाच वर्षांनी एका दुपारी अक्कानं मला कारखान्यातून बोलावून घेतलं. भाऊजी गुडघे पोटाशी घेऊन जमिनीवर गुरासारखे ओरडत होते. पोट टम्म फुगलं होतं, उलटी हिरवी पडत होती. मी त्यांना उचलून जटक्यात, घोडागाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी कन्नडमध्ये समजावलं. आत जखम झाली की शरीर तिथे चिकट पाझर सोडतं. तो विरला नाही तर त्याचे धागे होतात, धाग्यांचे घट्ट पट्टे होतात, आणि मोकळी हलणारी आतडी एकमेकांना चिकटतात. मारानं होतं, ऑपरेशननंही होतं. अशाच एका पट्ट्यात भाऊजींचं आतडं पिळवटलं होतं. कापून सोडवता येईल, पण तिथे पुन्हा चिकटणारच नाही असं सांगता येत नव्हतं. मग त्यांनी विचारलं, जुना मार कसला?

अक्का माझ्याकडे न बघता म्हणाली, "सायकलवरून पडले होते."

हातभर काळं पडलेलं आतडं काढून टाकलं. भाऊजी वाचले, पण भात स्वल्प जास्त झाला तरी कळवळायचे. हात उचलायचं बळ राहिलं नाही.

निदान तुझा मार तरी थांबला, असं मी एकदा अक्काला म्हणालो. ती त्यांच्यासाठी भात कुस्करत होती.

"मी तुला मारायला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "मला आपल्या घरी घेऊन चल म्हटलं होतं."

म्हटलं होतं. अंगणात मला ओढताना ती तेच म्हणत होती, आणि मला ते ऐकू आलं होतं.