मलपृष्ठावरची माणसं

पॅरिसमधल्या एका पुस्तकांच्या दुकानात मी रोज सकाळी झाडलोट करते. फ्रेंच अजून अडखळतच वाचते, म्हणून पुस्तकं पुसताना नुसतं मलपृष्ठ वाचायचं. लेखक आधी कोण होता, ते तिथे असतं. दडवलेल्या गोष्टी शोधून लिहिलेल्या पुस्तकांची एक वेगळी फळी आहे. आज तिथे एक निवृत्त न्यायाधीश भेटले, त्यांना टेकून एक नर्स, आणि शेवटी कोंबड्यांच्या कारखान्यात राबलेली बाई. शाळा अर्धवट सुटलेली.

माझीही सातवीत सुटली. फडकं तिथेच थांबलं.

दुपारी मी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवते. तिथे त्यांना वेळेवर पाणीसुद्धा मिळत नाही. कुणाला किती वेळ मिळालं नाही, ते मी मराठीत वहीत लिहून ठेवते. दुकानाच्या मालकीणबाईंना हे ठाऊक आहे.

"सुमन, त्या वहीचं काय करणार?" त्यांनी आज परत विचारलं.

"काय करू बाई? माझे इथे राहायचे कागद अजून व्हायचेत. ह्या देशानं मला पोटाला दिलं, त्याच्याकडेच बोट दाखवू? आणि मी कोण?"

"ते मागच्या पानावर छापू की," त्या हसल्या.

मलाही हसू आलं. मग वृद्धाश्रमातल्या एक आजी आठवल्या. घोटभर पाणी दिलं की माझा हात धरून तीन-तीनदा आभार मानतात. पाण्यासाठी! मीही इथे अशीच सगळ्यांचे आभार मानत असते.

पिशवीतून वही काढली.

"बसा बाई," म्हटलं, "मी वाचून सांगते. फ्रेंचमध्ये लिहायचं तुम्ही सांभाळा."